विरघळणारा टाका

१९७९ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रॉली लावून उभी राहिले, तेव्हा दोरा काचेच्या नळीत यायचा. बोटाएवढी नळी, दोन्ही तोंडं बंद, आत स्पिरिटसारखं पाणी आणि त्यात वेटोळं करून ठेवलेला कॅटगट. नळ्या जंतुनाशकाच्या बरणीत बुडवलेल्या असायच्या. चिमट्याने एक उचलायची, गॉजच्या घडीत गुंडाळायची, मधोमध दोन्ही अंगठे ठेवायचे आणि कटकन मोडायची. काच गॉजमध्ये राहायची, दोरा बाहेर यायचा. त्याच्याबरोबर एक वास यायचा. वर स्पिरिटचा, त्याच्या खाली ओल्या चामड्याचा.

तो खालचा वास माझ्या ओळखीचा होता. दिवाळीच्या आधी आजी गाद्यांचा कापूस पिंजून घ्यायची. दारात पिंजारी बसायचा, त्याच्या धनुकलीची तांत झणझणायची आणि अंगणभर कापूस उडायचा. मी एकदा त्या तांतेला हात लावून विचारलं होतं, ही कशाची? तो म्हणाला, बकऱ्याच्या आतड्याची. थिएटरमध्ये मोठ्या सिस्टरांनी सांगितलं की कॅटगट नावात मांजर असलं तरी मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही, मेंढीच्या नाहीतर गुराच्या आतड्याचा थर सोलून, पिळून तो करतात. मला अंगणातली धनुकली आठवली. तीच तांत आता बाईच्या पोटात जाणार होती. शुद्ध शाकाहारी घरातल्या बायकांच्या पोटातही ती जायची. त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

विचारलं ते वेगळंच. पहिल्या वर्षातच सिझर झालेली एक बाई पाचव्या दिवशी मला म्हणाली, “सिस्टर, वरचे टाके तुम्ही काढणार, ते कळलं. आतले विरघळतात म्हणता. विरघळून जातात कुठे? आणि कधी?” मी म्हटलं, जातात आपोआप. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. पुढे मी सिस्टर ट्यूटर झाले, वीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि त्या बाईचे दोन्ही प्रश्न घेऊन मिळेल ते वाचत गेले. “कुठे” याचं उत्तर लवकर सापडलं. “कधी” याचं उत्तर मिळवायला माणसाला दोन हजार वर्षं लागली होती.

सुश्रुतसंहितेत टाक्यांच्या धाग्यांची यादी आहे. बारीक सूत, ताग, स्नायू, केस, मोरवेल आणि गुळवेलीचे तंतू, आणि अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे आपला आपटा, दसऱ्याला सोनं म्हणून आपण ज्याची पानं वाटतो तो. हे वाचल्यापासून दसऱ्याच्या दिवशी मी पानापेक्षा खोडाकडे जास्त बघते. त्याच ग्रंथात फाटलेल्या आतड्यासाठी आणखी एक उपाय सांगितला आहे. आतड्याच्या कडा जुळवायच्या, त्यांवर काळे मुंगळे चावायला लावायचे, पकड बसली की धड तोडून टाकायचं आणि डोकी तशीच ठेवून आतडं पोटात परत घालायचं. आत ठेवायचं आणि पुन्हा काढायला जायचं नाही, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो. रोममध्ये गॅलेन आतड्याची तांत वापरत होता, दहाव्या शतकाच्या शेवटी अंदलुसियात अल-झहरावीने तिचं वर्णन लिहून ठेवलं. वस्तू सगळ्यांना ठाऊक होती. ती कधी सुटेल हे मात्र कुणाच्या हातात नव्हतं.

त्यामुळे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्जन एक गोष्ट करत, जी ऐकून माझ्या विद्यार्थिनी तोंडावर हात ठेवायच्या. रक्तवाहिनी बांधली की रेशमाची लांब टोकं जखमेतून बाहेर लोंबत ठेवायची. आत पू व्हायचा, गाठ कुजायची, मग रोज थोडं थोडं ओढून बघायचं. एक दिवस दोरा हातात यायचा. कधी त्याच्या मागोमाग रक्ताची चिळकांडी यायची. दोरा कुजणं हाच तेव्हाचा हिशेब होता.

जोसेफ लिस्टरने तो मोडला. कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमेतले जंतू मारता येतात हे त्याने दाखवलंच होतं. १८६८ च्या शेवटच्या दिवशी त्याने एका वासराच्या मानेतली मोठी रक्तवाहिनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या तांतेने बांधली, टोकं आखूड कापली आणि जखम शिवून टाकली. महिन्याभराने पाहिलं तेव्हा पू नव्हता, आणि तांतेच्या जागी शरीराचीच जिवंत ऊती आली होती. पुढे ती तांत लवकर नरम पडते म्हणून त्याने क्रोमिक अ‍ॅसिडची प्रक्रिया आणली. चामडं कमावतात तशीच ती गोष्ट. कमावलेलं चामडं जसं लवकर सडत नाही, तशी कमावलेली तांत शरीराला लवकर पचत नाही. आमच्या ट्रॉलीवरचा “क्रोमिक” हा शब्द तिथून आला. प्लेन कॅटगट आठ-दहा दिवस जोर धरायचा, क्रोमिक दोन आठवडे, कधी जरा जास्त.

तांत जंतुरहित करणं हे दुसरं मोठं काम. गुराच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू असायचे, आणि उकळलं की तांत शिजून लिबलिबीत व्हायची. जर्मनीत कासेलचा सर्जन फ्रांत्स कून याने हट्ट धरला की हा दोरा दवाखान्यात कुणी तरी भिजवून ठेवायची वस्तू नाही, तो कारखान्यात पहिल्या पायरीपासून स्वच्छ बनला पाहिजे, आणि १९०८ साली मेल्सुंगेनच्या ब्राउन कंपनीने त्याच्या पद्धतीने तो करायला घेतला. आपल्याकडे १९७४ मध्ये ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प सुरू झाला आणि वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागलं. मग नळ्यांच्या जागी पाकिटं आली, सुई दोऱ्यालाच जोडलेली आली, आणि नळी मोडताना बोट कापणं थांबलं.

एवढं सगळं होऊनही “कधी” हा प्रश्न तसाच राहिला. कारण तांत पाण्यात विरघळत नाही, शरीर तिला खातं. परकं प्रथिन दिसलं की पांढऱ्या पेशी गोळा होतात, पाचक रस सोडतात आणि तिला कुरतडत जातात. किती वेगाने, ते त्या माणसावर आणि त्या जखमेवर अवलंबून. जखमेत पू झाला की वेग वाढतो. ताप असेल, जखम ओली असेल तर वाढतो. म्हणजे ज्या पेशंटला टाका जास्त दिवस हवा असतो, त्याच्याच अंगात तो लवकर संपतो.

ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९८३ साल, पश्चिम महाराष्ट्रातलं एक सरकारी रुग्णालय. आतड्याला भोक पडलेली एक पंचेचाळिशीची बाई, अंगात रक्त नाही, छातीत खोकला. पोटाचा आतला थर क्रोमिकने शिवला होता, नेहमीसारखा. आठव्या दिवशी पहाटे तिला खोकल्याची उबळ आली आणि ती म्हणाली, “पोटात काहीतरी सुटलं.” पट्टी गुलाबी पाण्याने भिजली होती. पट्टी उचलली तर खाली आतडं दिसत होतं. मी कोमट सलाईनमध्ये मोठा मॉप भिजवून वर झाकला, हाताने धरून ठेवला आणि वॉर्डबॉयला पळवलं. थिएटरमध्ये पुन्हा पोट उघडलं तेव्हा आठ दिवसांपूर्वीचा क्रोमिक बहुतेक ठिकाणी ओल्या शेवयांसारखा झाला होता, चिमट्यात धरला की तुटत होता. काठाला एका ठिकाणी मात्र तो जसाच्या तसा होता, ताणून पाहिला तरी तुटेना. एकाच नळीतला एकच दोरा. बाई वाचली. जाड नायलॉनचे टाके घालून ती सव्वा महिन्याने घरी गेली. सर्जनचा हात चुकला नव्हता. त्या दोऱ्यावर दिवस लिहिलेले नव्हते, एवढंच.

दिवस लिहिता येतील असा दोरा तोपर्यंत जगात आलेला होता, आमच्यापर्यंत पोचायचा होता. त्याची गोष्ट कापडापासून सुरू होते, दवाखान्यापासून फार दूर.

अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरॉथर्स नावाचा रसायनतज्ज्ञ छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करत होता. १९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने अशा एका पॉलिएस्टरच्या वितळलेल्या गोळ्यातून तार ओढली. पाकातून ओढावी तशी ती लांबत गेली, आणि थंड झाल्यावर ताणली तर रेशमासारखी मजबूत झाली. पण तिचं कापड होणार नव्हतं. ही पहिली पॉलिएस्टरं थोड्या उष्णतेला वितळायची आणि गरम पाण्यात टिकायची नाहीत. धुता येणार नाही ते कापड काय कामाचं? कॅरॉथर्स दुसरीकडे वळला आणि १९३५ मध्ये त्याला नायलॉन मिळालं. या सगळ्या धडपडीत १९३२ साली त्याने दुधातल्या आंबटपणाच्या म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडच्या, आणि उसाच्या रसातही असतं त्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या साखळ्याही अभ्यासल्या होत्या. पाण्याने तुटणाऱ्या म्हणून त्या बाजूला पडल्या. १९५४ मध्ये ड्यूपॉन्टनेच पॉलिग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या लांब साखळ्या बनवण्याची पेटंटं घेतली, तरी दमट हवेत बिघडणाऱ्या या पदार्थाचं करायचं काय, हा प्रश्न होताच.

मला या इतिहासात सगळ्यात आवडतो तो पुढचा क्षण. अमेरिकन सायनामिड कंपनीची एक शाखा टाक्यांचे दोरे बनवायची. तिथल्या एडवर्ड श्मिट आणि रोको पोलिस्टिना यांनी हा टाकलेला पदार्थ उचलला आणि त्यातला दोष जसाच्या तसा वापरला. कापड पाण्याने तुटू नये, पण शरीरातला टाका पाण्यानेच तुटावा. पाणी सगळ्यांच्या अंगात सारखंच आहे, ३७ अंशांवर, रात्रंदिवस. पेशी कमी-जास्त येतील, ताप चढेल-उतरेल, पाण्याला त्याचं काही नाही. १९६७ च्या जानेवारीत त्यांना पेटंट मिळालं आणि काही वर्षांत डेक्सॉन या नावाने तो दोरा बाजारात आला. १९७४ मध्ये एथिकॉन कंपनीने विक्रिल आणला. त्यात नव्वद भाग ग्लायकोलिक आणि दहा भाग लॅक्टिक. आणि त्याच्याबरोबर आलं ते वेळापत्रक, जे मी पुढे दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के जोर शिल्लक, तीन आठवड्यांनी ५०, चार आठवड्यांनी २५. ५६ ते ७० दिवसांत दोरा नाहीसा. टाक्याने कधी जायचं हे पहिल्यांदाच आधी सांगता येत होतं.

जातो कुठे, याचंही सरळ उत्तर होतं. साखळीच्या दर दोन कड्यांमध्ये एक जोड असतो. पाण्याचा रेणू तिथे शिरतो आणि जोड उसवतो. साखळी आखूड होत जाते, शेवटी सुटी कडी उरते. लॅक्टिक अ‍ॅसिड तर शेतात राबून दमलेल्या माणसाच्या स्नायूतही तयार होतं. शरीराला ते ओळखीचं. त्यातून ऊर्जा निघते, उरतं ते पाणी आणि श्वासातून बाहेर पडणारा वायू. त्या सिझरच्या बाईचे टाके या दोऱ्याचे असते, तर मी तिला सांगू शकले असते, तुमचे टाके तुमच्या श्वासातून गेले.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रातल्या प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, शरीरात बसवण्याच्या वस्तूंसाठी पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड. ते प्राण्यांच्या ऊतीला बाधत नाही आणि हळूहळू नाहीसं होतं हे त्यात दाखवलं होतं. आज हाडाचे विरघळणारे स्क्रू, प्लेटा, जाळ्या यांविषयी कुणीही लिहायला बसलं की मागे जाता जाता त्या निबंधापाशी पोचतं. लेखकांत पहिलं नाव आहे आर. के. कुलकर्णी. ग्रंथालयात ते आडनाव वाचलं आणि मी वही तिथेच उघडी ठेवून जरा वेळ बसून राहिले. आमच्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात लिस्टर होता, कुलकर्णी नव्हते. मी त्यांना ते नाव लिहून घ्यायला लावत असे.

विक्रिल आमच्याकडे १९८८ च्या सुमारास आला, तोही मोजका. जांभळा, विणलेला, रेशमासारखा हाताला लागणारा. महाग असल्यामुळे मेट्रन कपाटाला कुलूप लावायच्या. एका ऑपरेशननंतर पाकिटातला हातभर दोरा उरला. टाकवेना. त्या दिवसांत आम्ही लिननचे, रेशमाचे उरलेले तुकडे ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरायचो, म्हणून मी हाही गॉजमध्ये बांधून वाफेच्या ड्रममध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी एका लहान मुलाच्या हर्नियासाठी तोच दिला. सर्जनने पहिली गाठ मारली आणि ओढली, दोरा तुटला. दुसरी मारली, पुन्हा तुटला. त्यांनी तो तुकडा प्रकाशात धरून पाहिला. दिसायला जांभळा, चकचकीत, अगदी चांगला. मग त्यांनी तो दोन बोटांत हलकेच ताणला आणि तो भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा सुटला. “सिस्टर, हा शिजवला का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. ऑपरेशन संपल्यावर हात धुताना म्हणाले की याला पाणी आणि उष्णता एकत्र दिलीत, म्हणजे त्याचे दोन महिने तुम्ही अर्ध्या तासात खर्च केलेत. मला नंतर कळलं की गॅमा किरणंही या दोऱ्याला सोसत नाहीत, म्हणून तो वायूने निर्जंतुक करतात आणि दमट हवा लागू नये म्हणून चांदीसारख्या पाकिटात कोरडा ठेवतात. ते मूल सुखरूप घरी गेलं. पण दोरा तुटल्याचा तो हलका आवाज मी विसरलेले नाही.

दिवस मोजता यायला लागल्यावर पुढचं सुचणं स्वाभाविक होतं. जो पदार्थ ठरलेल्या वेळात नाहीसा होतो, त्याच्या आत औषध ठेवलं तर तेही ठरलेल्या वेळात सुटेल. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मी वॉर्डात पाहिलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी संप्रेरक रोखावं लागतं. ल्युप्रोलाइड हे औषध ते करतं, पण गोळीतून दिलं तर पोटात पचून जातं, आणि इंजेक्शनने रोज द्यायचं तर म्हातारा माणूस रोज कसा येणार? नाहीतर अंडकोश काढायचे. जपानच्या ताकेदा कंपनीतल्या लोकांनी ते औषध लॅक्टिक-ग्लायकोलिकच्या बारीक, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा गोळ्यांत कोंडलं. १९८९ मध्ये अमेरिकेत महिन्याला एक इंजेक्शन अशा रूपात त्याला परवानगी मिळाली. कुपीत पांढरी भुकटी असते. सोबतचं पाणी घातलं की दुधासारखं होतं, आणि लगेच टोचावं लागतं, नाहीतर कण तळाशी बसतात. एका शेतकरी आजोबांना मी ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायचे. ते सुईकडे बघायचेच नाहीत, कुपीकडे बघायचे. म्हणायचे, “एवढ्याशा दुधात महिनाभराचं कसं मावतं?”

१९९६ मध्ये मेंदूतल्या गाठीसाठी तशाच विचाराच्या चकत्या आल्या. गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतीला आठपर्यंत चकत्या लावायच्या आणि कवटी बंद करायची. त्या बाहेरून आत, साबणाच्या वडीसारख्या झिजतात आणि कॅन्सरचं औषध तिथल्या तिथे सोडतात. याचा अनुभव मला नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

मला स्वतःला जे सगळ्यात जास्त हवं होतं ते वेगळं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या सिझरसाठी पोट उघडलं की आत काय दिसतं ते थिएटरमध्ये उभं राहिलेल्यालाच ठाऊक. आतडी एकमेकांना, गर्भाशय पोटाच्या भिंतीला, मूत्राशय वर ओढलेलं, सगळं जाळीने बांधल्यासारखं. आम्ही त्याला अ‍ॅढीजन म्हणतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये खरवडलेल्या दोन जागा शेजारी शेजारी राहिल्या की त्या एकमेकांना धरून बऱ्या होतात. पुढे कित्येक बायकांची पोटं त्यामुळे दुखत राहतात, कुणाचं आतडं अडकतं, कुणाला मूल राहत नाही. घरचे म्हणतात, हिचं काहीतरीच. तिचं काहीतरीच नसतं. पोटाच्या आत त्या खरवडलेल्या जागांवर आठवडाभरासाठी एखादा पडदा घालता आला असता तर, असं मला दर वेळी वाटायचं.

तोच पडदा टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात जेफ्री हबेल आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी करत होते. १९९३ च्या त्यांच्या निबंधावर तीन नावं आहेत: अमरप्रीत साहनी, चंद्रशेखर पाठक, हबेल. त्यांनी घेतलेल्या रेणूची रचना मला फार देखणी वाटते. मधे पाण्याला धरून ठेवणारी लांब साखळी, जिला पेशी आणि प्रथिनं चिकटत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंना लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या मोजक्या कड्या, म्हणजे आमचा टाक्याचाच पदार्थ. आणि अगदी टोकांना प्रकाश पडला की एकमेकांना धरणारे हात. हे पाण्यात विरघळवून, त्यात प्रकाश टिपणारा रंग घालून, ओल्या ऊतीवर ओतायचं. पाण्यासारखंच ते सगळ्या खाचाखोचांत पसरतं. मग हिरवा प्रकाश टाकायचा. काही सेकंदांत त्याची पातळ, पारदर्शक जेली होते आणि त्या जागेला कातडीसारखी बसते. किती दिवस राहायचं ते लॅक्टिक-ग्लायकोलिकच्या त्या कड्या ठरवतात. त्या बदलल्या की एका दिवसापासून चार महिन्यांपर्यंत हवा तो मुक्काम ठरवता येत होता.

त्यांनी उंदरांच्या पोटात हे करून पाहिलं आणि अ‍ॅढीजन रोखल्या गेल्याचं १९९४ मध्ये मांडलं. इजा झालेल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीलाही तसाच लेप दिला, तिथे रक्ताची गुठळी धरेना. १९९५ च्या पेटंटमध्ये एकाच पदार्थाची दोन कामं एकत्र लिहिली आहेत: ऊतीवरचा लेप, आणि औषध हळूहळू सोडणारं वाहन. टाका धरून ठेवतो. हा लेप दूर ठेवतो. दोन्ही आपलं काम झालं की पाण्याने जातात.

लेपाने काम भागवणं नवं नाही; शिवल्याविना ऊती जोडण्याची एक आठवण आपल्या पुण्याचीही आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत छापून आली. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक कापलं होतं, आणि पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्या वर्णनात टाके नाहीत. कातडी जागेवर बसवली ती काताने, आपल्या पानातल्या काताने. तो पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. युरोपातल्या आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचा उगम याच बातमीत सांगतात, आणि त्या वीटकराचं नाव त्यात छापलेलंच नाही.

प्रयोगशाळेतून थिएटरमध्ये येताना हबेल यांच्या लेपाला बरंच सोसावं लागलं. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर हवा गळू नये म्हणून त्याच घराण्यातला एक लेप २००० मध्ये अमेरिकेत मान्य झाला. आधी एक थर ब्रशने लावायचा, मग दुसरा, मग निळ्या-हिरव्या प्रकाशाचा दिवा धरून थांबायचं. ऑपरेशन चालू असताना दिवा, वायर, वेगळी पेटी हे सगळं सांभाळणारी माझ्यासारखी सिस्टरच असते, म्हणून ते फार काळ का रुजलं नाही हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. साहनी यांनी पुढे दिवाच काढून टाकला. दोन पातळ द्रव, दोन सिरिंजा, एकच तोटी. बाहेर पडताना ते एकमेकांत मिसळतात आणि जागेवर पडताच जेली होते. त्यात निळा रंग असतो. मेंदूच्या आवरणाच्या शिवणीवर लेप कुठे जाड पडला, कुठे पातळ, ते सर्जनला दिसावं म्हणून. २००५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही आठवड्यांत तो विरघळून जातो. तो निळा रंग ज्याने घातला तो माणूस थिएटरमध्ये उभा राहिलेला असणार, असं मला नेहमी वाटतं.

सगळं सुरळीत गेलं असंही नाही. हृदयाच्या धमनीत बसवायचा, दोन-तीन वर्षांत पूर्ण विरघळणारा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा स्टेंट अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्याची विक्री थांबवली. त्याच्या काड्या धातूच्या स्टेंटपेक्षा जाड होत्या आणि त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त निघालं. जाणं मोजता आलं, पण असतानाचं वागणंही नीट हवं.

ट्यूटर असताना मी दरवर्षी एक प्रयोग करायचे. सलाईनच्या दोन निर्जंतुक बाटल्या, एकीत वीतभर क्रोमिकचे पाच तुकडे, दुसरीत विक्रिलचे पाच. वर चिकटपट्टीवर तारीख. बाटल्या लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर, शेजारी रक्ताच्या नळ्या. दर आठवड्याला एक मुलगी दोन्हींतला एकेक तुकडा चिमट्याने काढून ताणायची आणि वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही तुटायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात विक्रिल जोर लावला की तुटायचा. पाचव्या आठवड्यात नुसता उचलताना सुटायचा. क्रोमिक फुगायचा, बुळबुळीत व्हायचा, पण तसाच असायचा. त्याला खायला बाटलीत कुणी नव्हतं.

मी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतली सांगोल्याकडची एक मुलगी पाचव्या आठवड्याला बाटली खिडकीपाशी घेऊन गेली. जांभळा तुकडा तिने चिमट्यात धरला, तो मधोमध सुटून बाटलीच्या काठावर पडला. तिने चिकटपट्टीवरची तारीख वाचली, बोटांवर मोजलं आणि वहीत लिहिलं: दिवस ३४. मग ती दुसऱ्या बाटलीतली तांत बाहेर काढून हुंगायला लागली. म्हणाली, “मॅडम, याला आमच्याकडच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखा वास येतोय.”